कंपनी म्हणजे शेठ नव्हे: बडोद्यातल्या एका विधी प्रमुखाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला ज्यांनी परवानगी दिली, त्या बाईंची अट एकच होती: "मला शहाणी दाखवू नका." मी बडोद्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून व्यवसाय करतो. या बाई जिथे विधी प्रमुख आहेत त्या कंपनीचं थोडं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आणि बाकीच्या नंतर ऐकल्या. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, आकडे आणि मालाचा तपशील थोडा इकडचा तिकडे केला आहे.

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा, वाघोडिया, सावली-मंजुसर या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने जागोजागी आहेत. विजेच्या उपकरणांची चाचणी घेणारी एर्डासारखी संस्था 1974 पासून शहरात आहे. त्यामुळे 'टाइप टेस्ट' (नमुन्याचा ट्रान्सफॉर्मर तपासून डिझाइन कसोटीला उतरतं का ते पाहणारी चाचणी) हा शब्द इथल्या पानवाल्यालाही ठाऊक असतो, असं गमतीनं म्हणतात.

आपल्या गोष्टीतली कंपनी वितरण ट्रान्सफॉर्मर बनवते आणि तिची उलाढाल 240 कोटींच्या आसपास आहे. ती घरची असली तरी कागदावर पब्लिक लिमिटेड आहे, मात्र शेअर बाजारात नाही. उलाढाल 100 कोटींच्या वर असल्यामुळे कायद्यानं दोन स्वतंत्र संचालक आणि ऑडिट कमिटी ठेवणं भाग होतं. एमडी (व्यवस्थापकीय संचालक) म्हणजे थोरले भाऊ, त्यांना सगळे 'मोटाभाई' म्हणतात. दोन वर्षांत आयपीओ आणायचा, म्हणजे पहिल्यांदाच शेअर लोकांना विकायचे, म्हणून ते काम करून देणाऱ्या मुंबईच्या मर्चंट बँकरच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या.

विधी प्रमुख बाई दांडिया बाजारात वाढल्या आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात वकिली शिकल्या. जिल्हा न्यायालय दिवाळीपुऱ्याला हललं नव्हतं तेव्हा, न्यायमंदिराच्या 1896 च्या इमारतीत त्यांनी काही वर्षं काळा कोट घातला. 2013 मध्ये नोकरी धरली आणि बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे सनद स्थगित केली, कारण पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. गुजराती सहकारी त्यांना 'बेन' म्हणतात, मराठी सहकारी 'ताई'. हुद्दा एजीएम लीगल, वरिष्ठ म्हणजे सीएफओ, कंपनीचे वित्तप्रमुख.

काम काय, तर ऑर्डर मिळाल्यावर करार तपासायचा, थकबाकीच्या नोटिसा काढायच्या आणि बाहेरच्या वकिलांची बिलं मंजूर करायची. टेंडर भरताना लीगलला कुणी विचारत नसे. वर्षाच्या बोनसचा एक भाग कंपनीच्या ऑर्डर बुकशी, म्हणजे मिळालेल्या ऑर्डरींच्या रकमेशी, बांधलेला होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, तेव्हा मात्र ती कुणाला खटकली नव्हती. बाईंनाही नाही.

काय सापडलं

13 जानेवारी 2025, उत्तरायणाच्या आदला दिवस. अर्धं ऑफिस मांजा आणायला गेलेलं. दुसऱ्या एका राज्यातल्या सरकारी वीज कंपनीच्या टेंडरमध्ये सहीच्या अधिकारपत्राबद्दल खुलासा मागितला होता आणि दराचं पाकीट 20 तारखेला उघडायचं होतं. खुलाशासाठी बाईंनी टेंडरची फाइल मागवली आणि नुसतं चाळता चाळता टाइप टेस्टच्या अहवालाशी थांबल्या. अहवालावरची तारीख 2021 ची होती, पण अहवाल क्रमांकात मधे '18' होतं.

टेंडरची अट होती की अहवाल पाच वर्षांच्या आतला हवा. मूळ अहवाल मे 2018 चा निघाला, म्हणजे त्याची मुदत मे 2023 मध्येच संपली होती. स्कॅन केलेल्या प्रतीवर साल बदललं होतं. प्रयोगशाळेचा यात काही दोष नव्हता, बदल कारखान्यातच झाला होता.

टेंडर विभागात 26 वर्षं काम केलेले एक काका होते. बाईंच्या माहेरच्या वाड्यापासून दोन घरं सोडून राहणारे. बाईंनी त्यांना बोलावलं. काकांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाळ, तू वकील आहेस म्हणून तुला सांगतो." सेल्स हेडचा 'रिपोर्टचं जरा बघून घ्या' असा मेसेज आला होता, हे त्यांनी सांगितलं. साल आपणच बदलल्याचं सांगितलं. आणि हाच कागद ऑगस्ट 2023 च्या टेंडरलाही लावला होता, हेही सांगून टाकलं. ती ऑर्डर मिळाली होती. 640 ट्रान्सफॉर्मर, साधारण 11 कोटींची. माल पोचून बसला होता.

इथे पहिली चूक झाली आणि ती बाईंची. काकांचा समज असा की आपण आपल्या वकिलाशी बोलतोय. बाई होत्या कंपनीच्या वकील. "काका, मी तुमची वकील नाही, तुम्ही जे सांगाल ते मला कंपनीला सांगावं लागेल," हे वाक्य दार लागताक्षणी बोलायला हवं होतं. ते त्या बोलल्या, पण काकांचं सांगून झाल्यावर. काकांचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते बाई अजून विसरलेल्या नाहीत.

गच्चीवरची बैठक

संध्याकाळी बाई सीएफओंकडे गेल्या. ते म्हणाले, उत्तरायण होऊ दे, 16 ला बघू. बाईंनी दोन गोष्टी केल्या. आयटीच्या माणसाकडून टेंडर विभागाच्या संगणकाची पूर्ण प्रत काढून सीलबंद केली. त्याचबरोबर सीएफओंना सांगितलं की मी उद्या एमडींकडे जाणार आहे. वरिष्ठाला ओलांडण्याची ही अकरा-बारा वर्षांतली पहिली वेळ.

14 तारखेला अलकापुरीतल्या बंगल्याच्या गच्चीवर पतंग, उंधियु, जिलेबी आणि लाउडस्पीकर. कोपऱ्यात उभ्या राहून बाईंनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. मोटाभाई शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "बेन, माल तो साचो छे ने?" माल तर खरा आहे ना?

प्रश्न भाबडा नव्हता. डिझाइन तेच, कारखाना तोच, फक्त कागद जुना. मग बिघडलं कुठे, असा त्याचा रोख होता. बाई म्हणाल्या, "माल खरा आहे की नाही, हे कागदच सांगतो. तो कागद आता आपल्याकडे नाही." शेजारच्या गच्चीवरून पतंग कापल्याचा 'काइपो छे'चा गजर झाला आणि मोटाभाईंनी तोंड फिरवलं.

पुढचं वाक्य माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे. बाई म्हणाल्या, "ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना मी आज सांगणार आहे. तुमच्या मागून जाणार नाही, पण जाणार आहे."

कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, हे आपण परीक्षेत लिहितो आणि घरच्या कंपनीत नोकरी लागली की विसरतो. पगाराच्या चेकवर शेठची सही असते, म्हणून अशील शेठ होत नाही. अशील कंपनी. तिच्या वतीनं ऐकायचा अधिकार संचालक मंडळाला, आणि शेठचं हित त्यात गुंतलं असेल तर स्वतंत्र संचालकांना. विधी प्रमुखाचं नेतृत्व वगैरे जे म्हणतात, ते मला या एका वाक्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलेलं नाही.

लिहायचं की बोलायचं

त्या रात्रीचा बाईंपुढचा प्रश्न बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल: आपलं मत ईमेलवर लिहायचं का? वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं. पण नोकरीतल्या, सनद स्थगित केलेल्या विधी अधिकाऱ्याला ते मिळतं का, यावर मतं दुभंगलेली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा 1982 चा जुना निकाल पगारी कायदेशीर सल्लागाराच्या बाजूचा. उलट, पूर्णवेळ पगारी नोकर वकील म्हणून राहू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलेलं.

बाईंनी सावध वाट धरली. स्वतः फक्त एक पानी टिपण लिहिलं: काय सापडलं, कधी, कुणाकडे काय आहे. कायदेशीर मत, शिक्षेची शक्यता, पर्यायांची तुलना हे सगळं अहमदाबादच्या बाहेरच्या वकिलाकडून लेखी घेतलं.

पुढे 31 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न बराचसा मिटवला. कंपनीतल्या नोकरदार वकिलाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं, म्हणजे वकील-अशील संवादाचं, संरक्षण नाही. कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या संवादापुरता कलम 134 चा आधार त्याला घेता येतो, पण मालक आणि त्याचा नोकरदार वकील यांच्या आपसातल्या संवादाला नाही. म्हणजे त्या रात्री बाईंनी मोटाभाईंना लांबलचक ईमेल केला असता, तर तो उद्या समोरच्या पक्षाच्या हाती जाऊ शकला असता. माझ्या ओळखीचे कितीतरी विधी प्रमुख अजूनही सगळं ईमेलवर ओततात आणि वर 'गोपनीय' असं लिहून निश्चिंत होतात.

पर्याय

संचालक मंडळाची बैठक 16 जानेवारीला, अल्प सूचनेवर. कंपनी कायद्याच्या कलम 173 मध्ये तातडीच्या कामासाठी अशी बैठक घेता येते, मात्र किमान एक स्वतंत्र संचालक हजर हवा. दोघेही आले. ऑडिट कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ, कमी बोलणारे.

सेल्स हेडचं म्हणणं होतं की गप्प बसा. स्पर्धा मोठी आहे, आपला दर कदाचित सर्वांत कमी नसेलच, विषय आपोआप संपेल. कुणी ते गांभीर्यानं घेतलं नाही, पण कुणी त्यांना थांबवलंही नाही.

सीएफओंना टेंडर मुकाट्यानं मागे घ्यायचं होतं. 18 लाखांची अनामत जाईल, जाऊ दे. हा पर्याय मोहात पाडणारा होता आणि बहुतेक कंपन्यांनी तोच घेतला असता. अडचण एवढीच की 2023 चा कागद त्यानं नाहीसा होत नव्हता. गंमत बघा, कागद एकच, पण दोन वापर दोन वेगळ्या कायद्यांखाली येत होते. ऑगस्ट 2023 चा वापर जुन्या दंड संहितेत, कलम 420, 468, 471. डिसेंबर 2024 चा वापर भारतीय न्याय संहितेत, कलम 318, 336, 340, कारण नवा कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला.

धाकट्या भावानं तिसरा पर्याय मांडला: काकांवर पोलिसात तक्रार करू, कंपनी फसवली गेली असं म्हणू. बाईंनी फक्त सेल्स हेडचा मेसेज वाचून दाखवला. तो विषय तिथेच संपला.

उरला चौथा: वीज कंपनीला स्वतःहून सगळं सांगायचं. दोन्ही टेंडरचं. आपल्याकडच्या खरेदी नियमांत स्वतःहून कबूल केल्याबद्दल सवलत मिळेलच अशी हमी नाही, हे बाहेरच्या वकिलानं स्पष्ट लिहिलं होतं. टेंडरच्या अटींप्रमाणे तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकत होती. मोटाभाई बराच वेळ गप्प होते. निवृत्त बँकवाल्यांनी विचारलं, "आयपीओच्या कागदात संचालक म्हणून मी सही करायची आहे. त्यात हे लिहिलेलं नसेल, तर मी सही कशी करू?" माझ्या अंदाजानं निर्णय कायद्यानं झाला नाही, या प्रश्नानं झाला.

कृती

17 तारखेला पत्र घेऊन माणूस स्वतः गेला. पत्राचा मसुदा बाईंचा, पण त्यात सेल्सच्या आग्रहानं एक वाक्य शिरलं: 'उत्पादनाच्या दर्जाबाबत कोणतीही शंका नाही.' बाईंना ते खटकलं होतं. मोठी लढाई जिंकल्यावर एका वाक्यासाठी कशाला ताणायचं, म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

फेब्रुवारीत नव्यानं टाइप टेस्ट झाली. तापमानवाढीच्या चाचणीत ट्रान्सफॉर्मर पास झाला. शॉर्ट सर्किटच्या चाचणीत रिअ‍ॅक्टन्समधला फरक दोन टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे आतली वेटोळी हलली, म्हणजे नापास. चौकशीत निघालं की 2022 च्या अखेरीस खरेदी विभागानं प्रेसबोर्डचा (वेटोळ्यांमधल्या विद्युतरोधक पुठ्ठ्याचा) पुरवठादार बदलला होता, स्वस्त मिळाला म्हणून. डिझाइनच्या नकाशात फरक नाही, त्यामुळे चाचणी पुन्हा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. 640 चे 640 त्याच प्रेसबोर्डचे.

म्हणजे गच्चीवरच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं.

दुसरं पत्र लिहावं लागलं, पहिल्या पत्रातलं ते वाक्य मागे घेणारं. पहिल्या पत्रानं जो थोडा विश्वास कमावला होता, त्यातला अर्धा दुसऱ्या पत्रानं गेला. वीज कंपनीचे मुख्य अभियंता सुनावणीत तेच वाक्य पुनःपुन्हा वाचून दाखवत होते.

निकाल, आणि न लढलेला खटला

कारणे दाखवा नोटीस आली ती अनामत जप्तीची. एप्रिलमध्ये आदेश आला त्यात मात्र जप्तीसोबत एक वर्षाची बंदीही होती. अहमदाबादचे वकील खूश झाले. नोटिशीत बंदीचा उल्लेखच नसेल तर काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या गोरखा सिक्युरिटी प्रकरणात आणि 2020 च्या यूएमसी टेक्नॉलॉजीज प्रकरणात सांगितलंय. "आदेश टिकणारच नाही," असं त्यांचं मत.

बाईंनी विरोध केला. आदेश तांत्रिक कारणानं रद्द झाला तर ते नवी, नीट नोटीस काढतील आणि तेव्हा एकाऐवजी तीन वर्षं देतील. मंडळानं बाईंचं ऐकलं.

हा निर्णय बरोबर होता का? मी अजून पूर्ण मान्य करत नाही. कारण पुढच्या सहा महिन्यांत इतर दोन राज्यांच्या टेंडरमध्ये 'आपल्यावर कोणत्याही वीज कंपनीनं बंदी घातली आहे का' हे हमीपत्र द्यावं लागलं, खरं उत्तर दिलं आणि दोन्हीकडे कंपनी बाहेर पडली. एका राज्याची बंदी प्रत्यक्षात तीन राज्यांची झाली. बाईही आता म्हणतात की न्यायालयात न जाणं एक वेळ ठीक, पण बंदी फक्त 100 केव्हीए क्षमतेच्या या मालापुरती आणि त्या एकाच कंपनीपुरती असावी, हे सुनावणीतच मागून घ्यायला हवं होतं. त्या दिवशी सगळा जीव त्या एका वाक्याचा बचाव करण्यात गेला.

640 ट्रान्सफॉर्मरवरची हमी तीन वर्षांनी वाढवून द्यावी लागली, त्यासाठी सव्वादोन कोटींची तरतूद झाली. पोलिसात तक्रार वीज कंपनीनं केली नाही.

माणसांचं काय झालं

काकांना चौकशीनंतर मार्चमध्ये काढलं. सेल्स हेडचा वर्षाचा बोनस थांबवला, पुढे नऊ महिन्यांनी ते दुसरीकडे चांगल्या पगारावर गेले. हा हिशेब जुळत नाही आणि तो जुळवायचा प्रयत्नही मी करणार नाही.

काकांची ग्रॅच्युइटी पूर्ण जप्त करावी असं धाकट्या भावाचं मत होतं. त्याला आधारही मिळाला: नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनात ग्रॅच्युइटी रोखायला फौजदारी शिक्षा झालेली असणं आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्येच म्हटलं होतं, तेही खोट्या जन्मदाखल्याच्या प्रकरणात. बाईंनी टिपणात लिहिलं की रोखता येते याचा अर्थ रोखलीच पाहिजे असा नाही. ज्यानं करायला सांगितलं त्याचा फक्त बोनस गेला असताना, ज्यानं ऐकलं त्याची 26 वर्षं जाऊ नयेत. ग्रॅच्युइटी दिली गेली. त्या गणपतीत काकांच्या घरचं बोलावणं मात्र आलं नाही.

बाईंची खुर्ची

जूनमध्ये मंडळानं त्यांना 'जनरल कौन्सेल' केलं आणि कंपनी कायद्याच्या कलम 2(51) खाली प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी म्हणून नेमायचं ठरवलं. कायद्यानं हे बंधनकारक नाही. कंपनी सेक्रेटरी आणि सीएफओ यांच्यासारखं विधी प्रमुखाचं पद कायद्यात नाहीच, मंडळाला वाटलं तर नेमता येतं.

लोक अभिनंदन करत होते, पण बाईंनी तीन आठवडे होकार दिला नाही. हा मान घेतला की 'कसूरवार अधिकारी', म्हणजे कंपनीनं कायदा मोडला तर जबाबदार धरला जाणारा अधिकारी, या व्याख्येतही नाव जातं. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: संचालक आणि अधिकाऱ्यांच्या विम्यात आपलं नाव, आपल्याला काढायचं तर ऑडिट कमिटीची संमती, आणि बोनसची ऑर्डर बुकशी असलेली गाठ सोडणं. तिसरी मागणी ऐकून मोटाभाई हसले. "बेन, पैसा कमी मागणारा वकील पहिल्यांदा पाहिला." तिन्ही मान्य झाल्या. आता त्या एमडींच्या हाताखाली आहेत आणि दर तिमाहीला व्यवस्थापन खोलीबाहेर असताना ऑडिट कमिटीशी बोलतात.

मग दुसऱ्या टोकाची गडबड झाली. प्रत्येक टेंडर लीगलमधून जायचं ठरलं आणि दोन महिन्यांत बाईंच्या टेबलावर फायलींचा ढीग. सेल्सची मुलं त्यांना 'ब्रेक' म्हणू लागली. दोन टेंडरांची मुदत हुकली, त्यातलं एक केवळ लीगलच्या उशिरानं. शेवटी त्यांनी स्वतःचाच नियम मोडीत काढला. आता टेंडरची फाइल लीगलकडे येत नाही. मूळ अहवालांची एक नोंदवही आहे, अहवाल प्रयोगशाळेकडून थेट तिथेच येतो, आणि कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला की खरेदी विभागाला त्याच वहीत नोंद करावी लागते. प्रेसबोर्डचा धडा टेंडरच्या धड्याहून महाग होता, म्हणून शेवटचा नियम सर्वांत कडक.

आयपीओच्या मसुद्यावर सध्या काम चालू आहे. बंदीची मुदत संपलेली असल्यानं हा मजकूर एका ओळीत उरकावा, असं मर्चंट बँकरच्या माणसाचं म्हणणं आहे. बाईंनी दीड पान लिहिलं आहे, प्रेसबोर्डसकट. मी पाहिलेल्या शेवटच्या प्रतीत त्या दीड पानावर तीन जणांच्या खुणा होत्या. दोन खोडलेल्याच्या, आणि एक बाजूला निळ्या शाईत निवृत्त बँकवाल्यांची: 'असू द्या.'